ओवीवर एक परिच्छेद कसा लिहावा?

आपल्या संप्रदायात बोलणारे पुष्कळ, लिहिणारे थोडे. ह्यात नवल नाही. वै. जोगमहाराजांनी 1917 साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या तेथे तयार झाल्या. ग्रंथ मुखोद्गत करावा, अभंग लावावा, प्रमाण वेळेवर आठवावे, हे शिक्षण त्यांना उत्तम मिळाले. पण हे सारे शिक्षण मुखाचे. तोच मनुष्य कागद पुढे ओढून एखाद्या ओवीवर दहा ओळी लिहू लागला, की त्याची पंचाईत होते. कीर्तनात तासभर रंगलेले चिंतन कागदावर उतरते तेव्हा फिके का पडते, हे त्याचे त्यालाच उमगत नाही.

आम्हांला ह्याचे कारण असे दिसते. कीर्तनात वक्ता एकटा नसतो. तो थांबला की मागचे टाळकरी चरण उचलतात; म्हणजे मूळ शब्द श्रोत्यांच्या कानांवर पुन्हा येतो. एका विचारावरून दुसऱ्यावर उडी मारायची तर मृदंगाची एक थाप, एक विठ्ठलनामाचा गजर पुरतो. हाताची खूण, आवाजाचा चढउतार, तेवढ्याने दोन वाक्यांमधली फट बुजते. कागदावर ह्यातले काहीच नाही. तेथे वाचक आणि अक्षर, दोघेच. जे सांधायचे ते शब्दांनीच सांधावे लागते, आणि ते सांधलेले नसले तर वाचक तेथेच अडतो, पान उलटतो.

म्हणून ह्या पाठात आम्ही सबंध लेखाचा विचार करीत नाही. एकच परिच्छेद घेतो. लेख म्हणजे तरी काय? परिच्छेदाला परिच्छेद लागून झालेली दिंडी. एक नीट लिहिता आला तर पुढचे आपोआप रांगेत येतात.

उदाहरणाला आपल्या सर्वांच्या तोंडी असलेले पसायदान घेऊ. त्यावर आपण नेहमी वाचतो तसा एक परिच्छेद आम्ही येथे मुद्दाम रचून देतो:

“पसायदान ही माउलींनी विश्वाला दिलेली अमोल देणगी आहे. ह्यात माउलींचे हृदय किती विशाल होते हे दिसून येते. त्यांनी स्वतःसाठी काही मागितले नाही, सर्वांसाठी मागितले. अशी प्रार्थना जगाच्या वाङ्मयात दुसरी सापडणार नाही. आजच्या अशांत जगाला ह्या विचारांची नितांत गरज आहे. आपण सर्वांनी पसायदानाचा संदेश आचरणात आणला पाहिजे.”

आता पाहा. ह्यात मनाला खटकावे असे काही नाही. भाव चांगला, भाषा सोज्ज्वळ. तरी वाचून संपल्यावर वाचकाच्या पदरात काय पडले? पसायदान न वाचलेल्या मनुष्यालाही हा परिच्छेद लिहिता आला असता, हा त्याचा पहिला दोष. दुसरी परीक्षा याहून सोपी आहे. पसायदान हा शब्द खोडून तेथे दुसऱ्या एखाद्या प्रार्थनेचे नाव घाला. परिच्छेद जसाच्या तसा उभा राहतो! ग्रंथाचे नाव बदलूनही ज्या परिच्छेदाचे काही बिघडत नाही, तो त्या ग्रंथावर लिहिलेलाच नाही. आणि जगाच्या वाङ्मयात दुसरी सापडणार नाही, हे म्हणायला आधी जगाचे वाङ्मय पालथे घालावे लागेल. स्तुती करावी, अवश्य करावी; पण विवरणाची जागा तिने घेऊ नये.

याच्या उलट दुसरा एक प्रकार आहे. तो करणारे लोक ओवीचा गद्य अर्थ लिहितात आणि विवरण झाले असे समजतात. अर्थ सांगणे ही पायरी आहे. तेथवर यावेच लागते. पण ओवी काय म्हणते हे सांगणे निराळे, आणि ती जे म्हणते ते कोणत्या शब्दाने, कोणत्या क्रमाने म्हणते व त्यामुळे काय निष्पन्न होते हे दाखविणे निराळे. पहिले काम चांगल्या सार्थ पोथीने केलेलेच असते. लेखकाने दुसरे करावयाचे.

तर मग सुरुवात कोठून करावी? लेखणी बाजूला ठेवून ग्रंथ उघडावा. येथे पाठांतरावर विसंबू नये, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या पाठावर तर मुळीच नको. तोंडात बसलेला शब्द आणि पोथीतला शब्द ह्यांत कधी एका अनुस्वाराचे अंतर असते, आणि तेवढ्याने एकवचनाचे अनेकवचन होते. श्रीएकनाथमहाराजांनी शके 1506 (इ. स. 1584) मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ज्या ग्रंथाचा पाठ नीट असावा म्हणून नाथांसारख्यांनी कष्ट घेतले, त्यावर लिहिताना आपण निदान छापील पोथी उघडून पाहावी, एवढे मागणे जास्त नाही.

पसायदान अठराव्या अध्यायाच्या शेवटी आहे. ग्रंथ शके 1212 (इ. स. 1290) मध्ये पूर्ण झाला, आणि पूर्ण होतानाचे हे मागणे. ओव्या अवघ्या नऊ. मागतात कोणाजवळ? विश्वात्मक देवाजवळ. कशाबद्दल? वाणीचा जो यज्ञ केला त्याबद्दल प्रसाद म्हणून. मागतात काय? येथे हातात पेन्सिल घ्यावी आणि मागण्या एकाखाली एक लिहाव्यात. पहिलीच मागणी खळांविषयी आहे, हे लिहिताना प्रथम ध्यानात येते. आम्ही रोज म्हणतो, पण सज्जनांच्या आधी खळांचा नंबर लागला आहे हे किती जणांच्या लक्षात असते? संतांच्या मांदियाळीची भेट पुढे येते, सोयरे सज्जन त्याच्याही पुढे. आरंभ दुष्टांपासून. असे का, हा प्रश्न पडला की समजावे, परिच्छेदाचे बीज हाती आले. प्रश्न पडल्यावाचून लिहावयास बसू नये.

एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य कसे काढावे ह्याच्या कसोट्या मीमांसकांनी फार पूर्वी घालून दिल्या आहेत. आरंभ आणि शेवट पाहा, पुनःपुन्हा काय आले आहे ते पाहा, नवीन काय सांगितले ते पाहा, फळ कोणते ते पाहा, अशा त्या आहेत. लोकमान्यांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त आरंभीच ह्यांचा आधार घेतला आहे. ह्यांपैकी पुनःपुन्हा काय आले हे पाहण्याची जी कसोटी, तिला ते ‘अभ्यास’ म्हणतात. नवख्या लेखकाला तीच सर्वांत उपयोगी. सगळ्या कसोट्या एका परिच्छेदात लावावयाच्या नसतात. एक नीट लावली तरी पुष्कळ.

ती लावून पाहू. खळांविषयीच्या मागणीत त्यांची ‘व्यंकटी’ जावी असे म्हटले आहे. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. पुढे पापाचा अंधार जावा, असे मागणे आहे. आणखी पुढे सज्जन कसे, तर लांछन नसलेले चंद्र, ताप नसलेले सूर्य. तीन ठिकाणी एकच ठेवण दिसते. वस्तू आहे तशी आहे. तिला चिकटलेला दोष तेवढा नाही. आता आपल्याजवळ विधान आले, आणि ते विधान असे आहे की एखादा ‘मला नाही पटत’ म्हणू शकेल. हे महत्त्वाचे. ज्याला कोणी नाही म्हणूच शकत नाही, ते सिद्ध तरी कशाला करावयाचे? ‘माउली थोर होते’ हे विधान परिच्छेदाच्या डोक्यावर ठेवले तर खालच्या वाक्यांना काही कामच उरत नाही.

मग परिच्छेद पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

“पसायदानात ज्ञानदेव दुष्टांचा नाश मागत नाहीत, दुष्टांतून दुष्टपणा जावा एवढेच मागतात. पहिल्या मागणीचा विषय खळ असले तरी जावयाची आहे ती त्यांची ‘व्यंकटी’, म्हणजे वाकडेपणा. खळ स्वतः जावयाचे नाहीत, याची खूण लगेच पुढच्या ‘तयां’ ह्या सर्वनामात आहे. ज्यांचा वाकडेपणा गेला, ‘त्यांची’ सत्कर्माची आवड वाढो, असे पुढचे मागणे आहे. आणि जो उरलाच नाही त्याची आवड वाढविता येत नाही. त्यानंतर भूतमात्रांच्या परस्पर मैत्रीचे मागणे येते, तेव्हा कालचा खळही त्या भूतमात्रांत धरलेला आहे. तीच दृष्टी पुढे सज्जनांच्या वर्णनातही दिसते. तेथे चंद्र आहे पण लांछन नाही, सूर्य आहे पण ताप नाही. दुष्टांविषयी बोलताना आणि सज्जनांविषयी बोलताना कल्पनेची ठेवण एकच राहते, म्हणून ‘दोष जावा, दोषी राहावा’ हा ह्या प्रार्थनेतला एखाद्या ओवीपुरता उद्गार नाही, तिचा कणा आहे.”

वाचकहो, हा परिच्छेद नमुना म्हणूनच पाहावा. ह्याहून चांगला तुम्हांला लिहिता येईल. पण त्यात काय कोठे ठेवले आहे ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या वाक्यातच म्हणणे सांगून टाकले. कीर्तनात आपण विषय हळूहळू उकलतो, श्रोत्यांना थोडे ताटकळत ठेवतो, आणि ते शोभतेही. लिखाणात वाचकाला आधी गाव सांगावे, मग वाट दाखवावी. नाहीतर आपण कोठे चाललो हे न कळल्यामुळे तो प्रत्येक वाक्यापाशी ‘हे कशासाठी?’ म्हणून थांबतो.

परिच्छेदाचा सारा भार ‘तयां’ ह्या एवढ्याशा शब्दावर आहे, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. व्यंकटी हा शब्द भारदस्त. त्यावर कोणीही थांबेल. ‘तयां’वर कोणी थांबत नाही. म्हणताना तो घाईने निघून जातो. पण त्या शब्दानेच वाद मिटतो, कारण तो नसता तर सत्कर्माची आवड वाढो हे मागणे इतर चांगल्या लोकांकरिता आहे असेही म्हणता आले असते. आमचा अनुभव असा की मोठ्या शब्दांत भाव असतो आणि लहान शब्दांत निर्णय असतो. तो, ती, ते, जे, तरी, परी, म्हणोनि, असल्या शब्दांपाशी थोडे थांबावे. ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथात तर ‘परी’ आणि ‘म्हणोनि’ ह्यांच्या सांध्यांवर प्रकरणेच्या प्रकरणे फिरतात.

आणखी एक गोष्ट आम्ही परिच्छेदात मुद्दाम घेतली नाही, ती सांगतो. खळांच्या मागणीतले क्रियापद सांडण्याचे आहे. आज आपण सांडणे म्हणतो ते पाणी सांडले, दूध सांडले ह्या अर्थाने. लगेच सुंदर दृष्टांत सुचतो: घागरीतले गढूळ पाणी सांडावे आणि घागर तशीच राहावी! कीर्तनात हा दृष्टांत खुशाल द्यावा; श्रोते माना डोलावतील. पण जुन्या मराठीत सांडणे म्हणजे टाकणे, सोडणे. घागरीचे चित्र आपल्या आजच्या भाषेने आपल्याला दिले आहे, ओवीने दिलेले नाही. दृष्टांत म्हणून ते चालेल, पुरावा म्हणून चालणार नाही. लिहिताना हे दोन वेगळे ठेवावेत. जुना शब्द आजच्या अर्थाने वाचून त्यावर इमला चढविण्याचा मोह फार मोठा असतो, आणि मोहच तो, म्हणून गोडही असतो.

आता पूर्वपक्षाकडे येऊ. आपल्या शास्त्रकारांनी प्रतिपक्षाचे म्हणणे आपणच मांडून मग त्याला उत्तर देण्याची शिस्त घालून दिली आहे. वारकरी लेखकांनी ती सोडू नये. वरच्या विधानावर कोणीही विचारील: “अहो, गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवान साधूंचे रक्षण आणि दुष्कृतांचा विनाश ह्यासाठी अवतार घेतो म्हणतात. त्याच गीतेवर टीका लिहिणारे ज्ञानदेव दुष्टांचा नाश नको म्हणतील कसे?” शंका रास्त आहे. ती झटकून टाकू नये, ‘माउलींचे मन लोण्याहून मऊ’ असे म्हणून टाळूही नये. चौथ्या अध्यायातल्या त्या ओव्या उघडाव्यात. तेथे दैत्यकुळांच्या नाशाची गोष्ट ज्ञानदेवांनी गाळलेली नाही. परंतु त्याच ओघात अविवेकाची काजळी जाण्याची आणि विवेकाचा दिवा उजळण्याचीही गोष्ट आहे. म्हणजे दोन्ही आहेत. मग आपले विधान खोटे ठरले काय? खोटे ठरत नाही, पण त्याला कुंपण घालावे लागते. तेथे श्रीभगवान स्वतःच्या अवतारकार्याविषयी बोलत आहेत. येथे ग्रंथ संपविलेला भक्त देवाजवळ प्रसाद मागत आहे. देवाने काय करावे हे देव जाणे. भक्ताने काय मागावे, एवढेच पसायदान सांगते. म्हणून ‘ज्ञानेश्वरीत दुष्टांचा नाश नाही’ असे लिहू नये, ‘पसायदानात तो मागितलेला नाही’ असे लिहावे. विधान आकाराने लहान झाले, पण आता ते कोणाच्या बापाला हलविता यायचे नाही.

ही काटेकोरपणाची हौस नव्हे. गावात दोन तट पडलेले असतात. देवळाच्या पारावर एक तट डावीकडे बसतो, दुसरा उजवीकडे. सप्ताहाच्या शेवटी सगळेच हात जोडून पसायदान म्हणतात, आणि खळ हा शब्द आला की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे पलीकडे बसलेला मनुष्य उभा राहतो. देवा, ह्याचे एकदाचे काय ते कर! ओवी म्हणते एक आणि म्हणणारा मागतो दुसरेच. निरूपण करणाऱ्याने तेथे ‘तयां’वर बोट ठेवले तर ऐकणाऱ्याला कळते की पलीकडच्याची सत्कर्मातली आवड वाढो असे आपण आताच आपल्या तोंडाने मागून बसलो! आणि पलीकडचाही आपल्यासाठी तेच मागतो आहे. ‘माउलींचे हृदय विशाल’ ह्या वाक्याने हे घडत नाही. ते वाक्य दोन्ही तट ऐकतात, आणि दोन्ही तट खूष होऊन घरी जातात.

प्रमाणांविषयी थोडे. आपल्या लेखकांना प्रमाणांचा सोस फार. एका विधानाला नाथांचे एक, तुकोबारायांची दोन, नामदेवरायांचे एक, शिवाय उपनिषद. कीर्तनात प्रमाणाने विषय भरतो हे खरे. परिच्छेदात मात्र ज्या ग्रंथावर लिहितो त्यातलाच शब्द पहिला साक्षीदार. बाहेरचा साक्षीदार मागाहून, आणि तोही एखादाच. पाच साक्षीदार बोलावले आणि एकाचीही उलटतपासणी केली नाही, तर न्यायाधीश काय निकाल देणार? दिलेल्या प्रत्येक प्रमाणापुढे ‘ह्यावरून काय दिसते’ हे सांगणारे निदान एक वाक्य आपले असावे. ते सुचत नसेल तर ते प्रमाण तेथले नव्हे. सबंध ओवी उतरून काढण्याचीही गरज नसते. वरच्या नमुन्यात आम्ही एकदोन शब्दच उचलले आहेत.

लांबीचे प्रमाण कोणी विचारतात. त्याला माप नाही. एक विधान, त्याचा आधार, आधारातून ते कसे निघते ते, आणि असली तर शंका. हे झाले की परिच्छेद संपवावा. लिहिता लिहिता दुसरे चांगले विधान सुचले तर ते त्यातच कोंबू नये. शेजारी टिपून ठेवावे आणि त्याला त्याचा स्वतःचा परिच्छेद द्यावा. दोन विधाने एका परिच्छेदात राहिली की दोन सुना एका चुलीवर, असे होते; धूर फार, भाकरी कच्ची.

लिहून झाल्यावर एकदा मोठ्याने वाचावे. आपले कान तयार असतात, त्यांचा उपयोग करावा. जेथे वाचताना नकळत आवाज चढवावासा वाटतो, हातवारे करावेसे वाटतात, तेथे बहुधा शब्दांची कमतरता आहे असे समजावे. तेथे एक वाक्य घालावे. जेथे नुसतीच विशेषणे येतात तेथली दोन काढून पाहावीत. अर्थ तसाच राहिला तर ती गेलेलीच बरी.

ज्यांना हात चालवून पाहावयाचा असेल त्यांनी पसायदानातलीच आठवी ओवी घ्यावी. सर्व विश्वासाठी मागून झाले, तिन्ही लोक सुखी व्हावेत हेही मागून झाले, आणि मग ज्ञानदेव ‘ग्रंथोपजीवी’ लोकांसाठी, म्हणजे ह्या ग्रंथाच्या आधाराने जगणाऱ्यांसाठी, दृष्ट आणि अदृष्ट विजयाचे आणखी एक मागणे करतात, आणि तेथे ‘विशेषीं’ असा शब्द घालतात. विश्वात हे लोक आलेच होते. मग त्यांच्यासाठी वेगळे का मागावे लागले? पोथी उघडावी, आधीची व नंतरची ओवी वाचावी, आणि एकच परिच्छेद लिहावा.